मदत हवी आहे: युरोपा लीगमध्ये पैजेचा निकाल नेमका कशावर लागतो?

नमस्कार मंडळी. मी लंडनला असतो. इथे बेटिंग कायदेशीर आहे आणि ऑफिसातली पोरं दर गुरुवारी युरोपा लीगवर, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेवर, पाच-दहा पौंड लावतात. स्पर्धेचा साचा मला कळलाय: ३६ संघ, प्रत्येकी ८ सामने, पहिले ८ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, ९ ते २४ प्लेऑफमध्ये, बाकीचे घरी. अडतंय ते पुढे.

एप्रिल २०२५ मधला मँचेस्टर युनायटेड-ल्यों परतीचा सामना (दोन लढतींपैकी दुसरी) घ्या. ९० मिनिटांनंतर २-२, जादा वेळेत ५-४. माझ्या समजुतीप्रमाणे 'युनायटेड जिंकणार' ही साधी पैज इथे हरते, कारण ती ९० मिनिटं अधिक इंजुरी टाइमवर (खेळ थांबल्याबद्दल वाढवून मिळालेली मिनिटं) ठरते, जादा वेळेवर नाही. 'युनायटेड पुढे जाणार' ही मात्र जिंकते. बरोबर ना? मग 'पाचपेक्षा जास्त गोल' लावणाऱ्याचं काय? नऊ गोल डोळ्यांनी बघूनही पैसे गेले? कॉर्नर आणि कार्डांच्या संख्येवरच्या पैजांनाही हाच नियम?

दुसरं, साखळीच्या शेवटच्या फेरीत आधीच पात्र ठरलेले संघ राखीव खेळाडू उतरवतात. पैजेचा भाव त्याआधीच हलतो, की संघ जाहीर झाल्यावर? टॉटनहॅमने तर २०२५ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला १७ वा क्रमांक पत्करून हा चषक जिंकला, त्यामुळे देशी लीगचं गुणतालिकेतलं स्थान बघून काही कळतं, यावर माझा फारसा विश्वास नाही.

टिपा नकोत, फक्त नियम समजावून सांगा. भारतातल्या मित्रांनो, तिकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा लिंका मागू नका.