चुनीची पोती आणि सत्यम : लहान खोटं वेगळं असतं का?

तापीकाठ, भुसावळ
पुतण्या जळगावात एका सीएंकडे आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करतो. गेल्या आठवड्यात बँकेच्या स्टॉक ऑडिटला, म्हणजे कर्जापोटी दाखवलेला माल खरंच आहे का ते बघायला, एका डाळ मिलच्या गोदामात गेला होता. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर तुरीची ४ हजार पोती. दारातल्या तीन थप्प्या तुरीच्याच. चौथीच्या मागे पोरगा अंग चोरून शिरला, एका पोत्याची शिवण बोटाने सैल केली, तर आत चुनी. गुरांना घालतात ती! बाहेर आला तर मालक, "भाऊ, आधी चहा घ्या, गार होतोय." आणि त्याच्या सीए साहेबांचा फोन, "थप्प्या मोज, पोती उघडत बसू नको."

माझं म्हणणं, सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत झालं ते हेच. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी नाहीतच. एका तिमाहीत नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा होता ६१ कोटी. तीही चुनीच, फक्त पोती हैदराबादची. पटत नसेल तर बोला.

जिनिंगवाला, धुळे
नाही पटत. शेतकरी कापूस घेऊन दारात आला की त्याला पैसे त्याच दिवशी लागतात. सूतगिरणी मला देते दोन-दोन महिन्यांनी. मधलं कोण भरणार? बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत उचलायचं कर्ज. ती मालाच्या किमतीवर, त्यातही मार्जिन म्हणून काही हिस्सा कापून. दिवाळीनंतर गोदाम भरलेलं असतं तेव्हा लिमिट पुरते, आणि माल विकून उधारी अडकली की बँक म्हणते स्टॉक कमी झाला, पैसे भरा. मग माणूस दोनशे गाठी जास्त लिहितो. चूक आहे, मान्य. पण माझं राहतं घर तारण आहे, बायकोची सही आहे. राजूंनी दुसऱ्यांचे पैसे उडवले. मी बुडालो तर आधी मीच बुडतो. दोघांना एका तागडीत घालू नका.

तापीकाठ
घर तारण आहे म्हणून खोटं लिहायचा परवाना मिळतो का? आणि राजूंच्या पत्रातही तेच आहे हो. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतली फट सुरुवातीला किरकोळ होती, वर्षागणिक वाढत गेली. वाघावर बसलोय, उतरलो तर तो खाईल, असं त्यांनीच लिहिलंय. तुमच्या दोनशे गाठी पुढच्या मार्चला किती होतात ते सांगा.

जिनिंगवाला, धुळे
कधी दोनशेच. कधी शून्य. मोसम चांगला गेला की भरून निघतं. तुम्ही पगारावर जगणारे दिसता.

लेजर_फोलिओ, जळगाव
मी सीए आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. सत्यममध्ये मोजायला पोती नव्हती, मुदत ठेवी होत्या. ठेव आहे की नाही हे तपासणं सगळ्यात सोपं काम. ऑडिटरने बँकेला थेट पत्र लिहायचं आणि उत्तर थेट स्वतःकडे मागवायचं. कंपनीच्या हातून आलेला कागद म्हणजे पुरावा नव्हे. तिथे बनावट कागद चालून गेले. चार-पाच पत्रांचं काम होतं! २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचं तेच झालं, १.९ अब्ज युरो ज्या खात्यांत म्हणत होते तिथे नव्हतेच.

गोदामात मात्र एका दुपारी ४ हजार पोती कोण उघडणार? नमुनाच घ्यावा लागतो. पुतण्याने मागच्या थप्पीतला नमुना घेतला हे बरोबर केलं. त्याच्या साहेबांचं मी समर्थन करणार नाही. पण स्टॉक ऑडिटची फी किती मिळते ते विचारा एकदा.

कपाशीचं_बोंड, शहादा
फी कोण देतं तेही विचारा. नेमते बँक, पण रक्कम वळती होते त्याच पार्टीच्या खात्यातून. लग्नाचा खर्च मुलीच्या बापाचा आणि मुलाची चौकशीही त्यानेच नेमलेल्या माणसाकडून, तसं.

लेजर_फोलिओ, जळगाव
उपमा उलटी बसली भाऊ, मुलीचा बाप तर कसून चौकशी करतो. पण मुद्दा कळला. २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांत ऑडिट फर्म दहा वर्षांनी बदलायला लावली, एक कोटी किंवा त्यावरचा घोटाळा दिसला तर केंद्र सरकारला कळवायचं बंधन घातलं. डाळ मिल भागीदारीत असेल तर यातलं काही लागू नाही.

अमळनेरकर_बाई
तुम्ही सगळे कर्ज घेणाऱ्यांचं बोलताय. मी ठेवीदार. वडील शिक्षक होते, निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवले, टक्का-दीड टक्का जास्त म्हणून. काउंटरच्या वर फ्रेम होती, ऑडिट वर्ग 'अ'. वडील ती फ्रेम बघूनच आत शिरले. आतलं कर्ज संचालकांच्या भाच्या-मेहुण्यांना, आणि थकलं की त्याच माणसाला नवं कर्ज देऊन जुनं फेडलेलं दाखवायचं. कागदावर थकबाकी नाहीच. ऑडिटर सहकार खात्याच्या पॅनेलवरचा, पण नेमला आमसभेने, आणि आमसभेला चिवडा खायला तेच भाचे.

दार बंद झालं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग एक जण घरी आला, पावती ४० टक्क्यांनी घेतो म्हणाला. आईच्या ऑपरेशनला पैसे हवे होते, दिली. तो कर्जदारांसाठी पावत्या गोळा करत होता. आमची पूर्ण किमतीने कुणाच्या तरी कर्जात वळती झाली.

जिनिंगवाले भाऊ, तुम्ही आधी बुडता म्हणालात. आमच्याकडे कर्जदार तरले.

जिनिंगवाला, धुळे
ताई, ही सरळ चोरी आहे. त्याच्याशी माझ्या गाठी जोडू नका, हात जोडतो. मी हप्ता आणि व्याज भरतोच.

बागलाणी_गडी
काय भो, मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकमा भी तेच व्हतं ना. एकाच बिल्डरचं कर्ज लपवायला २१ हजारांवर खोटी खाती, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांना सुरुवातीला हजार रुपयेच काढू दिले. तिथला अधिकारीबी म्हनला असंन, हप्ता येतोय ना, मग काय बिघडलं.

लेजर_फोलिओ, जळगाव
आणि बाईंची फ्रेम वाचून आठवलं, सत्यमला २००८ मध्येच सुशासनाचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. नंतर काढून घेतला.

जिनिंगवाला, धुळे
ठीक आहे, एवढं लिहितो. ज्या वर्षी भाव पडला त्या वर्षी दोनशेच्या चारशे झाल्या होत्या. त्या उतरवायला तीन मोसम लागले. बँकेचा माणूस गोदामाकडे वळला की पोटात गोळा यायचा. पण तरी सांगतो, बँकेने हंगाम बघून लिमिट वर-खाली केली असती तर ही वेळ आली नसती.

तापीकाठ
हे आधी लिहिलं असतं तर मला तो पगाराचा टोमणा ऐकावा लागला नसता.

कपाशीचं_बोंड, शहादा
ते राहू द्या. पुतण्याचं काय झालं? रिपोर्ट गेला का?

तापीकाठ
त्याने वर्किंग पेपरवर (तपासणीच्या टिपणांच्या कागदावर) चौथ्या थप्पीपुढे 'चुनी' असं पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. सोमवारी फाइल उघडली तर पान नवं, अक्षर दुसऱ्याचं, ४ हजार पोती तूर.

लेजर_फोलिओ, जळगाव
फोटो काढलाय का त्याने? असेल तर जपून ठेवायला सांगा. आणि मला व्यक्तिगत निरोप करा.