जायबंदी शिपायाचा अर्ज : पोटगी, नेमणूक की पेन्शन?

चौकस : इंग्लंडमधल्या सतराव्या शतकातल्या यादवीवरचा (१६४२ ते १६५१) एक लेख मराठीत आणतो आहे. राजाच्या आणि पार्लमेंटच्या फौजांतले लढाईत निकामी झालेले शिपाई पुढे न्यायाधीशांपुढे मदतीसाठी अर्ज करतात, त्याबद्दल आहे. इंग्रजीत ते 'मेम्ड सोल्जर' आणि मिळतं ते 'रिलीफ'. मी 'अपंग माजी सैनिकांना साहाय्य' असं लिहिलं, पण वाचताना कलेक्टर कचेरीतला फलक समोर येतो. काही सुचवा.

पाटीपेन्सिल : 'जायबंदी'. आता हा शब्द क्रीडापानावर जाऊन बसलाय (जायबंदी गोलंदाज मालिकेबाहेर वगैरे), पण मूळचा तो रणातलाच. जखमी माणूस बरा होतो, अपंग जन्मापासूनही असतो. जायबंदी म्हणजे जखमेने कामातून गेलेला. तुम्हाला तेच हवंय. 'माजी सैनिक' मात्र काढाच, त्याला कँटीनचं कार्ड चिकटलेलं आहे. साधा 'शिपाई' ठेवा.

कोशकीटक : जायबंदीला अनुमोदन. 'रिलीफ'साठी 'पोटगी' कसा वाटतो? आज तो घटस्फोटापुरता उरलाय, पण अर्थ पोटापुरतं देणं असाच आहे.

उंबरठा : थांबा, इथे दोन वेगळे पैसे आहेत आणि अर्जदाराचा सगळा जीव त्या फरकात अडकलेला आहे. १६०१च्या गरिबांच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने) आपापले म्हातारे, आंधळे, लुळेपांगळे पोसायचे. त्यासाठी पट्टी बसवायची आणि ती 'ओव्हरसियर'ने वाटायची. (आपल्याकडे ओव्हरसियर म्हटलं की बांधकाम खात्याचा माणूस, तेव्हा ते पदनाम जपून.) हा झाला एक पैसा. त्याला पोटगी म्हणा, धर्मादाय म्हणा, चालेल.

दुसरा पैसा त्याहून थोडा जुना. १५९३ साली, एलिझाबेथच्या काळात, जखमी शिपाई आणि खलाशांसाठी वेगळा कायदा झाला. पट्टी पॅरिशमधूनच गोळा व्हायची, पण जमा व्हायची जिल्ह्याच्या खजिनदाराकडे, आणि पेन्शन ठरायची तिमाही न्यायसत्रात. साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड. ही कायद्यातली कमाल. प्रत्यक्षात पुष्कळांच्या हातावर दोन-चार पौंडच पडत. मजुराची दिवसाची रोजी तेव्हा जेमतेम एक शिलिंग आणि पौंडाचे शिलिंग २०, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. शिवाय यादी भरलेली असली की कुणी जुना पेन्शनर मरेपर्यंत एकरकमी काहीतरी देऊन वाटेला लावत.

माणूस तोच, भूक तीच. पण पहिला पैसा गरीब म्हणून आणि दुसरा चाकरी केली म्हणून. अर्जात तो 'मी उपाशी आहे' एवढंच म्हणत नाही, 'मी अमक्या कप्तानाच्या हाताखाली होतो' हे आधी सांगतो. दोन्हीला 'साहाय्य' लिहिलंत तर अर्जातला पीळच जाईल.

बखरबहाद्दर : मग आपल्याकडे तयार शब्द आहे की! 'बालपरवेशी'. पेशवाईच्या कागदांत जागोजागी सापडतो.

कोशकीटक : बालपरवेशी लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी. इथला शिपाई जिवंत आहे, तीच तर त्याची पंचाईत.

उंबरठा : शिपायांच्या विधवाही अर्ज करत; १६४७च्या पार्लमेंटच्या हुकमात विधवा-अनाथांचा उल्लेख आहे. तिथेही 'बालपरवेशी' मला नको वाटतं. वाचकाला लगेच शनिवारवाडा दिसेल.

चौकस : अर्जाची भाषा कशी ठेवू? 'सेवेशी विनंती ऐसीजे' करावं का?

पाटीपेन्सिल : नको हो, नाटकातला कारकून बोलल्यासारखं होईल. हे अर्ज बहुधा दुसऱ्याने लिहिलेले आणि तृतीयपुरुषी असतात. कोर्टातली मराठी त्याला बरोबर बसते: 'अर्जदार सविनय सादर करतो की, नेझबीच्या लढाईत त्याच्या उजव्या हातास गोळी लागून हात निकामी झाला; अर्जदारास कामधंदा करून बायकोमुलांचे पोट भरणे अशक्य झाले आहे.' हा नमुना मी जुळवलाय, पण घडण हीच: कुठे लढलो, कुठे लागलं, आता हाताला काम का नाही, घरात खाणारी तोंडं किती. सोबत कप्तानाचा दाखला. सही येत नसेल तर खूण. आपल्याकडे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहितात तसं लिहू नका, तिथे अंगठा नसून फुली किंवा एखादी आकृती असे.

बखरबहाद्दर : बरं, पण 'यादवी' का? 'गृहयुद्ध' सरळ आहे.

कोशकीटक : गृहयुद्ध वर्तमानपत्री आहे. यादवीत आपलेच आपल्याला मारतात हे आत आहे, प्रभासक्षेत्र आठवा. आणि मुख्य म्हणजे तो शब्द कुणाची बाजू घेत नाही.

उंबरठा : हा मुद्दा महत्त्वाचा. १६४७च्या हुकमात पात्र कोण? पार्लमेंटकडून लढलेले. १६६० साली राजा परतला आणि १६६२च्या कायद्यात पात्र कोण? राजाशी इमान राखलेले. बऱ्याच जिल्ह्यांत पार्लमेंटच्या शिपायांची नावं यादीतून उडाली. पाय तुटलेला तसाच, पण कालचा स्वामिनिष्ठ आज बंडखोर. त्यामुळे राजपक्षाच्या अर्जात 'रिबेलियन' आला तर तिथे 'बंड' लिहा, सौम्य करू नका. १८५७ला कोण बंड म्हणतं आणि कोण स्वातंत्र्यसमर, यावरून बोलणारा ओळखू येतो, इथेही तसंच. तुमच्या स्वतःच्या निवेदनात मात्र यादवी.

चौकस : पटलं. शीर्षकात 'जायबंदी शिपाई', गरिबांच्या पट्टीतलं ते 'पोटगी'. जिल्ह्याकडून मिळणाऱ्याला 'नेमणूक' (जुन्या अर्थाने, बांधून दिलेली रक्कम) लिहू की 'पेन्शन'?

कोशकीटक : नेमणूक म्हणजे आता अपॉइंटमेंट लेटर. 'निवृत्तिवेतन' तर नकोच, हा गडी निवृत्त झालेला नाही. पेन्शन घराघरांत कळते.

पाटीपेन्सिल : पॅरिशला वसईकडची ख्रिस्ती मंडळी 'धर्मग्राम' म्हणतात. छान शब्द आहे, पण पट्टी वसूल करणारं धर्मग्राम म्हटलं की वाचक अडखळेल. पॅरिश ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करा.