१८ पूर्ण झाले की पालकत्वाचा दाखला काढलाच पाहिजे का?

प्रश्न: कार्यशाळा_समन्वयक

नमस्कार मंडळी. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी दोन पानी माहितीपत्रक तयार करते आहे. पालक एकमेकांना सरसकट एकच सल्ला देतात: मूल १८ चं झालं की नॅशनल ट्रस्टचा (दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) पालकत्वाचा दाखला, म्हणजे सज्ञान झालेल्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमल्याचा कागद, काढून ठेवा, पुढे कटकट नको. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की कायद्यापुढे त्या व्यक्तीची क्षमता इतरांइतकीच आहे आणि निर्णय घ्यायला तिला साहाय्य मिळालं पाहिजे. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

दाखला काढला की मुलाचे हक्क संपतात का? मतदानाचं काय? बँक खात्याला आणि आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला तो लागतोच का? मृत्युपत्रात भावाला पालक नेमलं तर पुरतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘साहाय्याने निर्णय’ म्हणजे रोजच्या व्यवहारात नक्की काय करायचं? (‘आधार’ शब्द मुद्दाम टाळते आहे, आधार कार्डाशी घोळ होतो.)

उत्तर १: वकील_दिव्यांगहक्क

दाखला वय झालं म्हणून काढायचा नसतो. एखादा ठरावीक व्यवहार अडला आणि तो दुसऱ्या कुठल्याही मार्गाने होत नसला, तर काढायचा. पत्रकाची सुरुवातच या वाक्याने करा.

१९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता हे चारच गट येतात. पालक नेमते ती स्थानिक स्तर समिती. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हावी असं कायदा सांगतो, त्यामुळे अर्ज पडून राहिला तर पुढच्या बैठकीची तारीख लेखी मागा.

याच १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. दुसरा भाग हमखास गळतो, कारण अर्जातच ‘सर्व कामांसाठी’ असं लिहिलेलं असतं आणि दाखलाही तसाच मोघम मिळतो. म्हणून कामं मोजून लिहा: अमुक खातं चालवणं, निवृत्तिवेतन स्वीकारणं, अमुक गट नंबरच्या जमिनीतल्या हिश्श्याची देखभाल. जे ती व्यक्ती स्वतः किंवा थोड्या मदतीने ठरवते, ते त्या यादीत येऊच देऊ नका.

२०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम १३ प्रमाणे मालमत्ता बाळगण्याचा, वारसाहक्काचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांइतकाच आहे. या २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मधला पालक ‘मर्यादित’ असतो: ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक निर्णयासाठी, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेप्रमाणे. पुरेसं आणि योग्य साहाय्य देऊनही कायदेशीर बंधनकारक निर्णय घेता आला नाही, तरच तो नेमायचा. याच कलमात पुढे म्हटलं आहे की इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही मर्यादित पालक म्हणूनच काम करतील. त्यामुळे ‘सर्व कामांसाठी’ असा दाखला हातात असला तरी पालकाला एकट्याने सगळं ठरवायची मुभा मिळत नाही.

मतदानाचा हक्क दाखल्याने जात नाही. मतदार यादीतून नाव वगळायला सक्षम न्यायालयाने तसं घोषित करावं लागतं, आणि स्थानिक स्तर समिती म्हणजे न्यायालय नव्हे.

मृत्युपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. त्यातून पालक नेमायची सोय अल्पवयीन अपत्यापुरती आहे. ३० वर्षांच्या मुलासाठी भावाचं नाव लिहिलं तर ती आईवडिलांची इच्छा म्हणून समितीपुढे उपयोगी पडेल, पण त्याने भाऊ आपोआप पालक होत नाही. त्याला अर्ज करावाच लागतो. तसंच १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अल्पवयीनांसाठी आहे. प्रौढासाठी त्याखाली अर्ज केला की तो परत येतो आणि काही महिने वाया जातात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ वेगळा. तो साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने नेमता येतो, पण मनोविकारावरच्या उपचारांपुरताच. त्याला बँकेत किंवा जमिनीच्या कामात अधिकार नाही. शिवाय त्या कायद्यातल्या मनोविकाराच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व धरलेलंच नाही.

पालक झाल्यावरचं काम कुणी सांगत नाही, ते पत्रकात ठळक छापा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्चाचा हिशोब.

उत्तर २: विशेष_शिक्षिका

वकीलसाहेबांनी ‘पुरेसं साहाय्य देऊनही’ असं लिहिलं, खरी गोम तिथेच आहे. साहाय्य दिल्याचा कागद कुणाकडेच नसतो. मग ‘याला काही कळत नाही’ एवढं एक वाक्य पुरावा ठरतं.

सुरुवात निर्णयांच्या यादीपासून करा. एका कागदावर तीन रकाने: स्वतः ठरवते, मदत मिळाली तर ठरवते, कायदेशीर सही लागते. कपडे, जेवण, कुणाच्या शेजारी बसायचं हे पहिल्यात. मानधनाचे पैसे, दात काढणं, सहलीला जाणं, मोबाइल हे बहुतेकांचं दुसऱ्यात. तिसरा रकाना प्रत्यक्षात फार लहान निघतो. पालकांनी हा कागद स्वतः भरला की दाखल्याची घाई बरीच ओसरते.

साहाय्य करणारी माणसं विषयानुसार वेगवेगळी ठेवा. औषधपाण्याला आई, पैशाला मावशी किंवा शिक्षिका, राहण्याच्या जागेबाबत मित्र. आणि त्यांना कुणी नेमलं याला महत्त्व आहे: माणूस बदलायचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ ने त्या व्यक्तीलाच दिला आहे.

आता विचारायचं कसं, हे जरा सविस्तर सांगते. समजा हातात ५०० रुपये आहेत आणि हेडफोन घ्यायचे की साठवायचे हे ठरवायचं आहे. ‘हेडफोन घ्यायचे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येणार. समोरच्याला काय ऐकायचंय ते आमच्या मुलांना वर्षानुवर्षांच्या सरावाने कळतं. म्हणून पाच नोटा टेबलावर मांडा. एका बाजूला हेडफोनचा फोटो, दुसऱ्या बाजूला पैशांचा डबा, आणि तिसरं कार्ड ‘नको, नंतर’. हे तिसरं कार्ड नसेल तर निवड खरी नाही. नोटा फोटोवर ठेवून दाखवा, ‘आता डब्यात किती उरले?’ ते तिला हाताने दाखवू द्या. दुसऱ्या दिवशी डावी-उजवी बाजू बदला, पर्याय सांगायचा क्रमही उलटा करा. तरी बोट उजवीकडेच गेलं, किंवा दर वेळी शेवटचाच शब्द परत आला, तर तिने जागा निवडली आहे, वस्तू नव्हे. मग पुन्हा वेगळ्या प्रकारे विचारायचं. एकदा तरी आई खोलीत नसताना, दुसऱ्या माणसाने विचारायचं. मोठा निर्णय असेल तर किमान तीन वेगवेगळे दिवस.

उत्तराला वेळ द्या. दहा-पंधरा सेकंदांची शांतता मोठ्यांना सोसवत नाही, ते प्रश्न नव्याने विचारतात आणि तिचं डोक्यात चाललेलं काम मोडतं.

मग नोंद. अर्धं पान पुरे: तारीख, निर्णय, कोणते पर्याय कसे दाखवले, कोण हजर होतं, तिने नेमकं काय केलं. ‘आनंदी दिसली’ असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. ‘डब्याचा फोटो दोनदा हातात घेतला, दुसरा ढकलून दिला’ असं लिहा. अशा आठ-दहा नोंदी असतील तर समितीपुढे ‘गरज कशाची आहे आणि कशाची नाही’ हे सांगायला दुसरं काही लागत नाही.

कार्यशाळा_समन्वयक

दोघांचेही आभार. जे अजिबात बोलत नाहीत त्यांचं काय? आणि बँक, पेन्शनबद्दल कुणी सांगेल का?

विशेष_शिक्षिका

ताई, त्यांच्यासाठी ‘संवादाची ओळख’ नावाचं एक पान करा. ‘हो’ कसं दाखवतो, ‘नको’ कसं, दुखतंय तेव्हा काय करतो, घाबरला की काय करतो. उदाहरणार्थ, ‘नको असेल तर मान वळवत नाही, नुसता मनगट आत ओढतो.’ ही माहिती बहुधा एकट्या आईलाच असते. ती गेली की आधी हीच भाषा जाते, आणि मग नव्या ठिकाणी त्या मुलाच्या नकाराला ‘वर्तनसमस्या’ म्हणतात. पान दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या आणि प्रत्येक खुणेचा लहानसा व्हिडिओ ठेवा. दोघांनी एकाच खुणेचा अर्थ वेगळा लावला तर तीही नोंद करा. कायदा या खुणा मानत नाही असं समजू नका. मानसिक आरोग्य कायद्यानेही निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही मार्गाने कळवता येतो असंच म्हटलं आहे.

उत्तर ३: निवृत्तिवेतन_शाखा

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुरतं नेमकं सांगतो. २०२१ च्या पेन्शन नियमांप्रमाणे बौद्धिक दिव्यांग अपत्याचं कुटुंब निवृत्तिवेतन कर्मचाऱ्याने किंवा पेन्शनराने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीमार्फत मिळतं. त्याने कुणाला नेमलं नसेल तर त्याच्या जोडीदाराने नेमलेल्या व्यक्तीमार्फत. नॅशनल ट्रस्टच्या स्थानिक समितीचा दाखलाही चालतो. न्यायालयाचं पालकत्व प्रमाणपत्र आणल्याशिवाय पैसे देणार नाही असं बँकेने म्हणणं या नियमांचा भंग आहे, हे पेन्शन विभागाने स्पष्ट केलेलं आहे. राज्य कर्मचाऱ्यांनी मात्र कोषागारातून आपले नियम तपासावेत, वरचं जसंच्या तसं धरू नये.

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक काम आईवडील हयात असताना होतं: अपत्याचं नाव पेन्शन आदेशात, म्हणजे पीपीओत, आधीच घालून घ्यायचं आणि नामनिर्देशन भरून पोच घ्यायची. कायम स्वरूपाच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एकदाच द्यावं लागतं, तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी. प्रमाणपत्रावर ‘कायम’ हा शब्द आहे ना, ते आजच पाहा. यूडीआयडीवरचं (दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचं) नाव, जन्मतारीख आणि पीपीओतली नोंद यांत एका अक्षराचा फरक असला तरी प्रकरण अडतं.

बँक खात्याबाबत: व्यक्ती सही किंवा अंगठा करू शकते आणि खातं कशासाठी हे तिला समजतं, तर ती स्वतः खातेदार होऊ शकते. काउंटरवर १८७२ च्या करार कायद्यातल्या ‘सुबुद्ध’ शब्दावर बोट ठेवतात. पण तोच कायदा म्हणतो की करार करतेवेळी तो समजून आपल्या हिताच्या दृष्टीने विचार करता येतो का, एवढंच पाहायचं. कसोटी त्या वेळची आणि त्या कराराची आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा, अर्जात २०१६ च्या कायद्यातल्या कलम १३ चा उल्लेख करा. एटीएम कार्डाची रोजची मर्यादा कमी ठेवली की धोका बराच आटोक्यात येतो. पालकाने खातं चालवायचंच असेल तर स्थानिक समितीच्या दाखल्यावर विसंबावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे.

वकील_दिव्यांगहक्क

एक गोष्ट राहिली, आणि पत्रकात ती यायलाच हवी. वडील गेल्यावर भावंडं दिव्यांग भावाचं हक्कसोडपत्र करून घेतात आणि त्याच्या वतीने सही करणारा पालक त्यांच्यापैकीच एक असतो. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की ठरावीक आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष आला तर साहाय्य करणाऱ्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून संघर्ष गृहीत धरत नाहीत, हेही तिथेच लिहिलं आहे. पण ज्याचा हिस्सा वाढतो त्यानेच हिस्सा सोडणाऱ्याच्या वतीने सही करायची, यात संघर्ष उघड आहे. अशा वेळी त्या एका व्यवहारापुरता बाहेरचा मर्यादित पालक नेमावा म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज करा, आणि त्या भावाला विचारल्याच्या नोंदी सोबत जोडा.

दस्त आधीच झाला असेल तर फेरफाराची नोटीस पाहा आणि मुदत असेपर्यंत लेखी हरकत द्या. पालकाने मालमत्तेचा अपहार केला किंवा व्यक्तीची हेळसांड केली तर नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या कलम १७ खाली आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्याचा अर्ज समितीकडे करू शकतात. छळ किंवा शोषण चालू असेल तर २०१६ च्या कायद्यातल्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदारांकडे, शेजाऱ्यालाही माहिती देता येते. माहिती लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

सहीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा चंदीगडच्या प्रकरणातला निकाल सोबत ठेवा. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं त्यात ठरलं. रुग्णालयात फक्त पालकाच्या सहीवर शस्त्रक्रिया ठरत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: तिला कुणी विचारलं, आणि कसं?