मोटरहोमचे बाहेरचे दिवे: कॅम्पग्राउंडवर कुठले लावायचे, कधी मालवायचे?

वाटसरू_डेन्व्हर

आमचं मोटरहोम २४ फुटी क्लास सी आहे, म्हणजे व्हॅनच्या चॅसिसवर घर बांधलेलं, आमचं फोर्ड ई-४५० वरचं. आधीच्या मालकाने ऑनिंगच्या (दाराच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या) नळीला १६ फुटांची रंग बदलणारी एलईडी पट्टी लावली आहे, ती बहुतेक वेळ निळीच असते. दारावरच्या दिव्यात जुना काचेचा बल्ब आहे.

दिवाळीच्या आठवड्यात दोन कुटुंबं मिळून युटाला जातोय. आधी ब्राइस कॅन्यनच्या नॉर्थ कॅम्पग्राउंडवर तीन रात्री, मग नॅचरल ब्रिजेसला दोन. दोन्हीकडे वीजजोडणी नाही.

प्रश्न असे: दारावरचा दिवा रात्रभर ठेवला तर चालतं का? मुलं लहान आहेत आणि पायऱ्या तीन. पट्टी किती वाजेपर्यंत लावावी? आकाशकंदील आणि पणत्या लावायच्या आहेत, त्याचं काय करावं? आणि शेजाऱ्याचा दिवा आपल्या खिडकीत आला तर त्याला कसं सांगावं?

कृत्तिका

तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवाळीचा आठवडा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे आकाश महिन्यातलं सर्वांत काळं असतं ती रात्र. दुर्बिणी आणि ट्रायपॉड घेऊन येणारी मंडळी नेमक्या त्याच रात्री अशा ठिकाणी येतात. नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जाहीर झालेलं जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क (रात्रीचं काळं आकाश जपणारं उद्यान), ब्राइस कॅन्यनला तो दर्जा २०१९ साली मिळाला. तिथे लोक अंधार पाहायला येतात, हे मनात ठेवून दिव्यांचा विचार करा.

निळी पट्टी तिथे अजिबात लावू नका, अगदी संध्याकाळीसुद्धा. अंधारात पाहणाऱ्या आपल्या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पूर्ण सरावायला त्याहून जास्त, आणि निळ्या-पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सगळी मेहनत काही सेकंदांत पुसतो. ६२० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश या पेशींना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आकाशनिरीक्षक लाल टॉर्च वापरतात. पण लाल म्हणजे हवा तेवढा असं नाही. भगभगीत लाल दिवाही डोळे बिघडवतो, तोही मंदच हवा.

तुमची पट्टी रंग बदलणारी असेल तर रिमोटवर लाल निवडा आणि तेज सर्वांत खालच्या पायरीवर आणा. जेवणाच्या टेबलापुरता तेवढा प्रकाश पुरतो. जेवणं आटोपली की तीही बंद.

नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडवर साधारण रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. हा नियम आवाजाचा. दिव्यांना बहुतेक ठिकाणी अशी लेखी वेळ नसते, म्हणून तो शेजारधर्म आपणच पाळायचा. पेनसिल्व्हेनियातल्या चेरी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी मात्र रात्रभर निरीक्षणाच्या मैदानावर फक्त लाल दिवा चालतो, असा लेखी नियमच आहे. तिकडे जाणाऱ्यांनी गाडीच्या आतले दिवेही आधीच बंद करून किंवा झाकून ठेवावेत.

बाराव्होल्ट

दारावरच्या दिव्याबद्दल. शेजाऱ्याला त्रास होतोच, पण तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: तुमची फर्नेस (गाडी आतून गरम ठेवणारी भट्टी) बंद पडेल.

हिशेब करा. नॉर्थ कॅम्पग्राउंड जवळपास २,४०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथलं तापमान रात्री अनेकदा शून्याखाली जातं, म्हणजे फर्नेस लागणारच. तिचा पंखा ७-८ अँपिअर खेचतो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तरी ३५ ते ४० अँपिअर-तास गेले. राहत्या भागाला वीज देणारी (इंजिनची वेगळी) एकच लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती साधारण ९० अँपिअर-तासांची, आणि निम्म्याखाली ती उतरवायची नाही. हाती उरले ४५. थंडीत तेवढेही मिळत नाहीत. दारावरच्या जुन्या दिव्यात ११४१ किंवा ९२१ क्रमांकाचा बल्ब असतो, तो सुमारे १.४ अँपिअर घेतो. नऊ तासांत १२-१३ अँपिअर-तास. बेरीज ५० च्या आसपास जाते. पहाटे तीनला व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, हवेच्या जोरावर मिटणारा पात्याचा स्विच (सेल स्विच) मिटत नाही आणि बर्नर पेटतच नाही. लोक फर्नेस बिघडली समजून दुकान गाठतात, आणि कारण दारावरच्या दिव्यात असतं. एलईडी पट्टी पूर्ण पांढऱ्यावर असली तर मीटरला १४.४ वॉट, १६ फुटांना ७० वॉट, म्हणजे जवळपास ६ अँपिअर. ती रात्रभर राहिली तर फर्नेस मध्यरात्रही गाठणार नाही.

बल्ब बदलताना आधी जुना काढून पाहा. गोल पितळी टोपी आणि बाजूला दोन खुंट्या असतील तर ११४१ किंवा ११५६ चा प्रकार, बुडाला एकच संपर्क. काचेचाच चपटा बूड असेल तर ९२१. एलईडी घेताना वेष्टणावर १० ते ३० व्होल्ट लिहिलेला घ्या. फक्त १२ व्होल्टचा स्वस्त बल्ब चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्ट मिळाले की तापतो आणि लवकर जातो. रंग २,७०० केल्व्हिन किंवा त्याहून खाली (आकडा कमी तेवढा प्रकाश पिवळसर), किंवा सरळ अंबर. आणि ल्युमेन, म्हणजे प्रकाश किती ते, नक्की वाचा. जुना ११४१ साधारण २५० ल्युमेन देतो, त्याच्या जागी मिळणारे कित्येक एलईडी ३०० च्या वर आणि वरून ६,००० केल्व्हिन असतात. वीज वाचते, पण शेजाऱ्याच्या डोळ्यांत आधीपेक्षा जास्त जातं. पायऱ्यांना ३०-४० ल्युमेन भरपूर झाले, १०० च्या वर जाऊच नका.

९२१ चा एलईडी लागला नाही तर काढून उलटा बसवा, त्याला धन-ऋण असतं. गोल टोपीच्या बल्बला उलटं करता येत नाही. तो लागला नाही तर दिव्याची जोडणीच उलटी आहे, अशा वेळी दोन्ही बाजूंनी चालणारा बल्ब घ्या.

दिव्याचं प्लॅस्टिक झाकण चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढतात. उन्हाने ते ठिसूळ झालेलं असतं, थंडीत तर हमखास तडकतं. सकाळी करू नका, ऊन तापल्यावर दुपारी काढा. एलईडी बसवल्यावर झाकणाच्या आतून वरच्या अर्ध्या भागाला आणि शेजारच्या साइटकडे तोंड असलेल्या बाजूला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, प्रकाश फक्त खाली पडेल. जुना तापणारा बल्ब ठेवून ही चिकटपट्टी लावू नका, गोंद वितळतो आणि झाकणही वाकतं.

एलईडी पट्टीला मंद करायची सोय नसेल तर १२ व्होल्टचा, ८ अँपिअर क्षमतेचा पीडब्ल्यूएम डिमर पट्टीच्या आधी जोडा आणि त्याच्याही आधी ७.५ अँपिअरचा फ्यूज. रंग बदलणाऱ्या पट्टीत रिमोटचा हुकूम घेणारा कंट्रोलर असतो, डिमर त्याच्या आधी जोडलात तर तो गडबडतो, तिथे रिमोटवरूनच तेज कमी करायचं.

वाटसरू_डेन्व्हर

दोघांचेही आभार. बॅटरीचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. पण मग रात्री मुलांना बाहेर न्यायचं झालं तर पायऱ्यांचं काय? हालचाल ओळखून लागणारा दिवा चालेल का?

बाराव्होल्ट

चालतो, पण बसवताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे तो फर्नेसच्या धुराड्याजवळ लावणं. सेन्सर उष्णतेची हालचाल ओळखतो, गरम हवेचा झोत आला की त्याला माणूस आल्यासारखं वाटतं, आणि फर्नेस जितक्या वेळा पेटेल तितक्या वेळा दिवा लागतो. दुसरी, टप्पा पूर्ण ठेवणं. मग समोरून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला आणि हरणाला तो दिवा दाखवतो. टप्पा दीड-दोन मीटर, वेळ ३० सेकंद, आणि दिवा पायरीच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्याही खाली.

त्याहून सोपं: पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा. संध्याकाळी पाच मिनिटं टॉर्च दाखवली की काही तास कडा दिसत राहतात. मुलांच्या उशाशी लाल दिव्याचा हेडलॅम्प ठेवा. हेडलॅम्प घेताना बघा, काहींत लालपर्यंत पोचायला आधी पांढरा लावावा लागतो. लाल बटण वेगळं असलेलाच घ्या.

दार उघडलं की आपोआप लागणारा पायरीचा दिवा तुमच्या गाडीत असेल तर टेललाइट दुरुस्तीची लाल चिकटपट्टी त्यावर लावा. लाल जिलेटीनचा एक पदर पुरत नाही, पांढरा झिरपतो. निदान तीन लागतात.

रानपिंगळा

मला शेजाऱ्यांच्या बाजूने लिहायचं आहे, कारण दिव्यांची बहुतेक भांडणं गाड्यांच्या रचनेमुळे होतात. अमेरिकेतल्या मोटरहोमचं दार आणि ऑनिंग उजवीकडे असतं. ओळीतल्या सगळ्या गाड्या एकाच दिशेने मागे घेतल्या की तुमची दाराची बाजू शेजाऱ्याच्या डाव्या भिंतीसमोर येते, आणि क्लास सीमध्ये निजायची जागा बहुधा मागच्या टोकाला असते. म्हणजे तुमचा दारावरचा दिवा थेट त्यांच्या उशाशी. शेजारी तंबू असेल तर विचारूच नका, पातळ नायलॉनमधून सगळं आत येतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी दिवे लावा, शेजाऱ्याच्या साइटच्या कडेला जा आणि तिथून आपल्या गाडीकडे बघा. दिव्याचा ठिपका दिसतो का, की फक्त खाली उजळलेली जमीन? ठिपका दिसत असेल तर दिवा चुकीचा बसला आहे.

दिवस असतानाच पोचायचा प्रयत्न करा. उशीर झालाच तर साइटवर वळताना हाय बीम नको. मागे उभं राहून दिशा दाखवणाऱ्याने टॉर्च जमिनीकडे धरावी, आरशात मारली तर चालकाला काहीच दिसत नाही. गाडी लागली की इंजिन बंद. सकाळी लवकर निघायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत पार्किंग ब्रेक लावून इंजिन सुरू केलं की दिवसा लागणारे पुढचे दिवे लागत नाहीत. आपल्या गाडीत तसं होतं का, ते घरीच तपासा. आतल्या दिव्यांनाही विसरू नका: पुढच्या काचेचा पडदा, दाराच्या खिडकीची पट्टी, आणि न्हाणीघरावरचं आकाशाकडे उघडं असलेलं झाकण.

शेजाऱ्याला सांगायची वेळ आली तर दहाच्या आत, चालत जाऊन, हातात टॉर्च बंद ठेवून. "तुमचा बाहेरचा दिवा चालू राहिला आहे, माहीत आहे का?" एवढंच. दहापैकी नऊ जणांना खरंच माहीत नसतं. आत पडदे ओढून बसलं की बाहेरचा दिवा दिसत नाही आणि त्याच्या बटणावर कुठलीही खूण नसते. दारं मिटल्यावर ठोठावू नका. सकाळी बोला किंवा कॅम्प होस्टला (कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्याला) सांगा. आणि कोणी अंबर मंद दिवा रात्रभर ठेवला असेल तर आधी गृहीत धरा की आत म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी आहे.

आता दिवाळी. आकाशकंदील जरूर लावा, पण ऑनिंगच्या आतल्या बाजूला, एक वॉटच्या पिवळ्या एलईडीवर, आणि जेवण संपल्यावर काढून आत न्या. शेजाऱ्यांना आधी सांगा, "आज आमचा सण आहे, साडेआठपर्यंत हा दिवा असेल." लोक आनंदाने बघायला येतात, एखादा लाडू हातावर ठेवा. साडेआठ म्हणतोय, दहा नाही. नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे गेली की तिथे सातच्या सुमारास पूर्ण अंधार होतो आणि कॅमेरेवाल्यांचं काम तेव्हाच सुरू होतं.

पणत्यांसाठी रेंजरला विचारा, वणव्याच्या काळात उघड्या ज्योतीवर बंदी असू शकते. परवानगी असेल तर चूल पेटवायच्या लोखंडी कड्यात ठेवा, शेजारी पाण्याची बादली आणि एक मोठा माणूस. पाइनच्या सुयांवर एकही पणती नको. फटाके नॅशनल पार्कमध्ये चालत नाहीत आणि फुलबाजीही त्यातच आली. रांगोळी ताटात काढा, रंग मातीत जाऊ देऊ नका.

सह्यवारा

इकडे महाराष्ट्रात कॅम्परव्हॅन घेऊन काजवे बघायला येणाऱ्यांसाठी जोडतो. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत मेअखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात. नर चमकून मादीला बोलावतात आणि मादी चमकूनच उत्तर देते. व्हॅनच्या पांढऱ्या एलईडीत हा संवादच तुटतो. इथे दहाची वेळ कामाची नाही, कारण अंधार पडल्यावरचे पहिले दोन-तीन तासच त्यांचे. दिवेलागणीलाच बाहेरचे सगळे दिवे बंद हवेत. इंडिकेटर चारही चालू ठेवून गाडी उभी करू नका, तो लुकलुकणारा पिवळा प्रकाश तर त्यांच्या खुणांसारखाच. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतात तो पहिलाच. तिकडे जाणाऱ्यांनी वर कृत्तिका यांनी लिहिलेलं सगळं तसंच पाळावं.

वाटसरू_डेन्व्हर

शेवटचा प्रश्न. दारं रिमोटने लॉक केली की चारही दिवे चमकतात आणि दुसऱ्यांदा दाबलं की हॉर्न. हे बंद होतं का?

बाराव्होल्ट

रात्री रिमोट वापरूच नका. चालकाच्या दाराला किल्ली लावून फिरवा, किंवा दार उघडं असताना आतलं बटण दाबून मग लोटून घ्या. पुढचं दार उघडल्यावर छतातला दिवाही लागतो. डॅशबोर्डच्या प्रकाशाची चकती बहुतेक गाड्यांत एका टोकाला पूर्ण फिरवली की तो दार उघडल्यावरही लागत नाही. निघण्याआधी अंगणात एकदा रात्री करून बघा, म्हणजे तुमच्या गाडीत कुठलं टोक ते कळेल.