लाटणी, मसाल्याचे वाडगे आणि खुळखुळे : लेथवरच्या कामाला कोणते फिनिश द्यावे?

कातीवकाम_कुडाळ (प्रश्न)

नमस्कार. कुडाळजवळ माझे लहानसे लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातण्याचे यंत्र, आहे आणि त्यावर मी प्रामुख्याने तीन प्रकारच्या वस्तू करतो : बाभळीची लाटणी, शिसवीचे झाकणासह मसाल्याचे वाडगे आणि काळ्या कुड्याचे तान्ह्या मुलांचे खुळखुळे. घडणीबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार नाही, परंतु शेवटचा हात कशाचा द्यावा याबाबत मला खात्रीचे मार्गदर्शन हवे आहे. रंगाच्या दुकानात विचारले असता सर्व वस्तूंसाठी एकच उत्तर मिळते, ते म्हणजे सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे भरणारा पहिला थर) आणि त्यावर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. उन्हाळ्यात त्याने सुरेख चकाकी येते. मात्र पावसाळ्यात मारलेला थर वाळताच दुधासारखा पांढरट दिसू लागतो. शिवाय ज्यावर पोळी लाटायची आणि जे बाळ तोंडात घालणार, त्यावर हा थर असावा का, ही शंका मनातून जात नाही. तिन्ही वस्तूंना एकच फिनिश चालेल का? चालणार नसेल, तर कोणत्या वस्तूला काय द्यावे आणि ते कसे लावावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

जवसतेल_वर्धा

तिन्ही वस्तूंना एकच फिनिश देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फिनिश निवडताना चकाकीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी वस्तू रोज पाण्यात जाणार आहे का, तिच्यावर घर्षण किती होणार आहे आणि वापरणाऱ्याला ती घरच्या घरी पुन्हा नीट करता येईल का, हे पाहावे. लॅकर, मेलामाइन, पी.यू. (पॉलियुरेथेन) यांसारख्या वार्निशांचा थर लाकडाच्या वर बसतो. तेल लाकडाच्या आत मुरते. वर बसलेला थर अखंड असेपर्यंत उत्तम संरक्षण देतो, परंतु एकदा चीर पडली की तिथून पाणी आत शिरते, थराखाली अडकते आणि पापुद्रे सुटू लागतात. लाटण्याचे आयुष्यच घासण्या-धुण्यात जाते, त्यामुळे त्याच्यावर थर देणारे कोणतेही फिनिश नको. पापुद्रा सुटला तर तो कणकेत जाणार, हे उघड आहे.

बाभळीचे लाकूड घट्ट असते. लाटणे १८०, २२० आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांबरोबर, हाताने एकदा घासून घ्यावे, नाहीतर गोल फिरणारे बारीक ओरखडे तेल लावल्यावर स्पष्ट दिसतात. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे, उभे राहिलेले तंतू ३२० ने हलकेच काढावेत आणि औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन किंवा साधे खोबरेल चोळावे. ही दोन्ही तेले सुकून कडक होत नाहीत, आणि लाटण्याच्या बाबतीत ते सोयीचे आहे, कारण घरातली व्यक्ती अधूनमधून दोन थेंब चोळून लाटणे पूर्ववत करू शकते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल मात्र वापरू नये. ते धड सुकतही नाही आणि धड ताजेही राहत नाही, काही दिवसांनी चिकट होऊन खवट वास येतो. खोबरेलात संतृप्त स्निग्धाम्लांचे प्रमाण सुमारे ९० टक्के असल्यामुळे ते लवकर खवट होत नाही.

मसाल्याच्या वाडग्याला सुकणारे तेल हवे. आपल्याकडे सहज मिळणारे असे तेल म्हणजे जवसाचे. त्यात निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि ते हवेतील ऑक्सिजन घेऊन जाळे विणल्यासारखे कडक होते. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या डब्यात ते लवकर सुकावे म्हणून बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते दारे-खिडक्यांना ठीक आहे, खाण्याच्या भांड्यांना मी वापरत नाही. भांड्यांसाठी घाण्यावरचे शुद्ध जवसतेल घ्यावे, किंचित कोमट करून सढळ हाताने लावावे, वीस मिनिटे मुरू द्यावे आणि नंतर वरचे सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. ‘सगळे’ या शब्दावर माझा भर आहे, कारण पृष्ठभागावर राहिलेले तेल साय धरते आणि मग ती चिकट साय खरवडून काढावी लागते. एका हातानंतर दुसरा हात निदान दोन-तीन दिवसांनी, दमट हवेत त्याहूनही उशिरा द्यावा. तीन-चार हात झाल्यावर वाडगा महिनाभर हवेशीर जागी ठेवून मगच विकावा. तेलाचा वास पूर्ण गेला आणि नखाने दाबून खूण उमटत नसेल, तर तो तयार झाला असे समजावे. घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

लाखेची_कांडी

खुळखुळ्याबद्दल लिहितो, कारण काळा कुडा वापरत असूनही त्याच्या जोडीची लाख आपण अजून वापरलेली दिसत नाही. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका या दोन्ही गावांची लाकडी खेळणी मुख्यतः याच झाडाच्या लाकडाची असतात. ते पांढरट, एकसारख्या बारीक पोताचे असल्यामुळे त्यावर लाखेचा रंग स्वच्छ उठतो. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतील खेळणी आपण पाहिलीच असतील. तिथे आज रंगकाम मुख्यतः ब्रशने होते, तर या दोन गावांत रंग लेथवरच चढतो. यात ब्रश नाही, थिनर नाही आणि वाळण्याची वाट पाहणेही नाही. म्हणून मला ही पद्धत खेळण्यांसाठी सर्वांत योग्य वाटते.

कृती अशी आहे. लाख मंद आचेवर मऊ करून तिच्यात रंग मळतात आणि तिच्या कांड्या ओढतात. एटिकोप्पाकाचे कारागीर हळद, नीळ, शेंदरीचे बी अशा वनस्पतिजन्य रंगांसाठी प्रसिद्ध आहेत. आपण बाजारातून रंग घेणार असाल, तर तो खाद्यपदार्थांसाठी किंवा खेळण्यांसाठी मान्यता असलेलाच घ्यावा. वस्तू २२० नंबरपर्यंत घासून झाली की लेथवर फिरत असतानाच कांडी तिच्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडावर उतरते. सुरुवातीला ती वेड्यावाकड्या वळ्यांनी बसते, त्याने बिचकू नये. त्यानंतर केवड्याच्या सुकलेल्या पानाचा तुकडा घडी करून त्याच वळ्यांवर दाबून फिरवायचा. लाख पुन्हा मऊ होते, पसरते आणि पानाच्या घोट्याने आरशासारखी चमकते. कोकणात केवड्याला तोटा नाही, फक्त पानाच्या कडेचे काटे आधी काढून टाकावेत. दाब आणि वेग यांचा मेळ हीच यातली खरी विद्या आहे : वेग कमी असेल तर लाख उतरत नाही, दाब जास्त झाला तर ती जळकट होऊन तपकिरी छटा येते. चांगल्या खुळखुळ्यावर वाया घालवण्याआधी एखाद्या साध्या दांड्यावर हात बसवून घ्यावा.

दोन मर्यादाही सांगतो. लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते, म्हणून लाखेचे खेळणे उकळत्या पाण्यात निर्जंतुक करता येत नाही. तशी चिठ्ठी प्रत्येक खुळखुळ्यासोबत द्यावी. दुसरे असे की खोल खाचांमध्ये कांडी पोहोचत नाही, त्यामुळे आकार ठरवतानाच वळणे उथळ ठेवावीत. लाकूड मात्र पूर्ण वाळलेले हवे. ओल्या कुड्यावर चढवलेली लाख लाकूड आकसताच तडकते.

रंग नकोच असेल, तर चपडा लाख, म्हणजे शुद्ध लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून लावावी. शुद्ध लाख गोळ्यांच्या आणि मिठायांच्या वेष्टणावरही वापरली जाते, आणि स्पिरिट उडून गेल्यावर वस्तूवर फक्त लाखच उरते. चारशे मिलिलिटर स्पिरिटला शंभर ग्रॅम चपडा हे प्रमाण पहिल्या हाताला पुरेसे आहे. द्रावण काचेच्या बाटलीत करावे, लोखंडी डब्यात ते काळवंडते. दोन दिवस न हलवता ठेवल्यास लाखेतले मेण तळाशी बसते. वरचा स्वच्छ भाग हलकेच ओतून घ्यावा. पुढे कधी लाखेवर पी.यू.चा थर द्यायचा झाला, तर हे मेण काढलेलेच बरे, कारण मेणावर पी.यू. नीट धरत नाही.

आणि एक कळकळीची विनंती : लेथ फिरत असताना तेल, लाख किंवा मेण कापडाने लावू नका. कापडाचा कोपरा गुंडाळला गेला तर बोटे त्याच्यासोबत ओढली जातात. त्याऐवजी सहज फाटणारा कागदी टॉवेल वापरावा.

रसायन_शिक्षिका

पांढरटपणाचे कारण सांगते. एन.सी. लॅकरमधील थिनर फार वेगाने उडते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. कोकणातल्या पावसाळी हवेत पृष्ठभाग थोडासा जरी थंड झाला तरी हवेतील बाष्प त्यावर दवासारखे बसते आणि ओल्या थरात अडकते. त्यामुळे नायट्रोसेल्युलोज नीट एकजीव न होता बाहेर पडतो आणि आपल्याला तो दुधाळ दिसतो. यावर रिटार्डर थिनर मिळते. ते सावकाश उडते, त्यामुळे पृष्ठभाग तितका गार होत नाही आणि पाण्याला निघून जाण्यास अवधी मिळतो. आधीच पांढरट झालेल्या थरावर याच थिनरचा अगदी हलका फवारा कोरड्या दिवशी दिला, तर तो थर पुन्हा मऊ होऊन बहुतेक वेळा पारदर्शक होतो. स्पिरिटमधल्या लाखेलाही हाच त्रास होतो, विशेषतः स्पिरिटची बाटली उघडी राहून त्यात पाणी शिरले असेल तर.

लाकडाच्या आतल्या ओलाव्याकडेही लक्ष असावे. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास दीर्घकाळ राहिली, तर लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढतो. हीच आर्द्रता ३० टक्के असेल तर तो ६ टक्क्यांच्या आसपास येतो. कुडाळात जुलैमध्ये घट्ट बसवलेले झाकण एप्रिलमध्ये सोलापूरच्या गिऱ्हाइकाकडे सैल होणार, ते यामुळेच. कोणतेही फिनिश ही हालचाल मंद करते, थांबवत नाही.

जवसतेलाबद्दल वरचा सल्ला योग्य आहे, पण त्यातली एक धोक्याची सूचना राहून गेली आहे, आणि ती राहता कामा नये. तेल सुकण्याची क्रिया उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ही उष्णता आत साठत जाते आणि ठिणगीशिवाय फडकी पेट घेतात. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवसतेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रत्येक फडके वापरून होताच उघड्यावर एकेरी पसरून दोरीवर वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. ज्या शेडमध्ये लाकडाचा भुसा पडलेला असतो, तिथे या बाबतीत आळस नको.

कातीवकाम_कुडाळ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. फडक्यांची व्यवस्था आजच करतो. दोन शंका उरल्या आहेत. शिसवीच्या एका वाडग्याला पूर्वी जवसतेल लावून पाहिले होते, ते बरेच दिवस चिकट राहिले. इतर लाकडांवर तसे झाले नाही, याचे कारण काय असावे? आणि घरात स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखेची जुनी बाटली आहे, ती वापरावी का?

जवसतेल_वर्धा

शिसवीत, आणि काही अंशी सागातही, लाकडाची स्वतःची तेलकट द्रव्ये असतात आणि ती जवसतेलाच्या सुकण्याला अडवतात. तेल लावण्याच्या अगदी आधी, म्हणजे काही मिनिटे अगोदर, वाडगा थिनर किंवा ॲसिटोनने पुसून घ्यावा. रात्री पुसून सकाळी तेल लावले तर उपयोग नाही, कारण आतली द्रव्ये पुन्हा वर येतात. तरीही शिसवीवर पहिला हात अत्यंत पातळ द्यावा आणि तो कोरडा झाल्याची खात्री पटल्याशिवाय दुसरा देऊ नये. पावसाळ्यातच वाडगे करायचे असतील, तर शिसवीला जवसतेलाऐवजी चार भाग लिक्विड पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचे मेण यांचे मिश्रण, मंद आचेवर पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेले, मी अधिक पसंत करेन. ते सुकण्याचा प्रश्नच येत नाही, शिसवीचा मूळ रंग गडद उठतो आणि सुक्या मसाल्याला तेवढे संरक्षण पुरते. मीठ ठेवायचे असेल तर मात्र आत काचेची वाटी बसेल असा वाडगा करावा, कारण मीठ ओलावा ओढते आणि कोणत्याही तेलाचा त्यापुढे टिकाव लागत नाही.

लाखेची_कांडी

जुन्या बाटलीतले दोन थेंब काचेच्या तुकड्यावर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी थर कडक असेल आणि नखाने ओरबाडल्यावर भुकटी पडत असेल, तर लाख चांगली आहे. थर रबरासारखा दबत असेल, तर द्रावणातच लाखेची स्पिरिटशी रासायनिक क्रिया होऊन ती निकामी झाली आहे. नवे स्पिरिट घातल्याने ती सुधारत नाही. द्रावण सहा महिन्यांत संपेल एवढेच करावे, बाटलीवर तारीख लिहावी आणि उरलेला चपडा कोरड्या, थंड जागी ठेवावा. शिसवीवर लाख लावणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या : स्पिरिटमध्ये शिसवीचा जांभळट रंग सुटतो. झाकणावर फिक्या लाकडाची पट्टी जडवलेली असेल, तर लाख लावण्याचा कापडी बोळा शिसवीवरून तिच्यावर फिरताच पट्टी डागाळते, आणि तो डाग घासूनही सहजी जात नाही. म्हणून फिक्या पट्टीवर आधी बारीक ब्रशने लाखेचा हात देऊन तो वाळू द्यावा, आणि मगच बाकीच्या झाकणाकडे वळावे.