बोर्डापुढं मी धडधाकट दिसतो. अपिलाला जाऊन काय सांगू?

काटा_नंबर_तीन

नमस्कार. वय २९. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं की दिव्यांग तपासणीचं बोर्ड कोणतं ते कळतं. दोन वर्षांमागं मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. त्याआधी गावानं केलेलं निदान 'तिरसट' असं होतं.

मी मोंढ्यात आडतीवर हिशोबपट्ट्या लिहायचो. आकडा कधी चुकला नाही. पण सोयाबीनचा सीझन लागला की लिलावाचा ओरडा, हमालांच्या आरोळ्या, ट्रॅक्टरवरचे टेप आणि वर पत्र्याचं शेड. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसलो ते अंधार पडेपर्यंत. मालक हाका मारत होते. ऐकू येत होतं, तोंडातून शब्द निघत नव्हता. दुसऱ्या दिवशी माझाच हिशोब झाला.

मग यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज केला. तपासणीआधी आठवडाभर आरशापुढं तयारी केली, काय विचारतील, काय सांगायचं. इस्त्रीचा शर्ट घातला. मला डोळ्यात बघता येत नाही, म्हणून भुवयांच्या मधोमध बघायची माझी जुनी युक्ती आहे, ती वापरली. आईला बाहेर बाकावर बसवलं. आत विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का?" मी म्हणालो, "कधी कधी." खरंच होतं ते. रात्री लाइट गेली, पंखा थांबला की त्रास नसतो, मग 'नेहमी' कसं म्हणू? दहा मिनिटांत बाहेर. स्कोअर ६६. ७० च्या खाली म्हणजे ऑटिझमच नाही म्हणे. घरी येऊन दोन दिवस कोठीच्या खोलीत पडून होतो, तिथं मोजायला कोणी नव्हतं.

अपील केलंय. पुढच्या गुरुवारी बोलावलंय. पत्र आल्यापासून झोप नाही. भाकर आणि ताक सोडून काही उतरत नाही, तेही त्याच एका ताटलीत. आई म्हणते, "जसा हाईस तसा दिस की तिथं." तेच तर जमत नाही. परकं माणूस समोर आलं की तो इस्त्रीच्या शर्टातला मी आपोआप पुढं होतो. तयारी न करता गेलो तर वाचाच बसते, करून गेलो तर 'चांगलाय की!' म्हणतात. कोणी गेलंय का यातून?

पैशाचं म्हणाल तर कार्ड मिळालं की संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला अडीच हजार आणि एसटीत ७५ टक्के सवलत. कोणाला हसू येईल, पण आमच्या घरात त्याला वजन आहे.

उदगीरची_माय

लेकरा, कोणी हसत नाही. माझ्या मुलीचं सगळं मीच केलंय, म्हणून सांगते.

तुझी जी चाचणी झाली ती इसा (ISAA), ऑटिझम किती आहे ते मोजायची. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातलं 'कधी कधी' हे आपल्या बोलण्यातलं नव्हे, त्याला टक्के बांधलेले आहेत. 'क्वचित' म्हणजे २० टक्के वेळेपर्यंत. 'कधी कधी' म्हणजे ४० पर्यंत, त्याला दोनच गुण. आणि 'नेहमी' म्हणजे ८० च्या वर, पूर्ण १०० नव्हे! तू लाइट गेलेल्या रात्री इमानदारीनं वजा केल्यास आणि तिथंच घसरलास. ७० गुणांना ४० टक्के धरतात. तुझं चार गुणांवर अडलंय.

दुसरं. ही चाचणी बघून आणि घरच्यांशी बोलून भरायची असते. आई बाहेर बसून राहिली, हा तुझ्या अपिलातला पहिला मुद्दा कर. आजपासून आईला एक वही दे. तू लिहू नको, तिला लिहू दे. कोणता आवाज झाला, किती वेळ गप्प होतास, काय खाल्लं नाहीस. तारीख आणि घड्याळातली वेळ. भाषा कशी का असेना, सुधारत बसू नको. तू सुधारशील, मला ठाऊक आहे.

रोखठोक_जालना

भाऊ एवढं डोकं कशाला लावता. गुरुवारी आंघोळ न करता जा, मान खाली घाला, हात हलवत बसा. सगळेच करतात.

उदगीरची_माय

सगळे करतात म्हणूनच माझ्या लेकीला तीनदा तपासलं. असलं शिकवू नका हो.

खिशात_चिठ्ठी

रोखठोक, हा माणूस २९ वर्षं नाटकच करायला लागलाय, धडधाकट असल्याचं. त्याला ते बंद कसं करायचं ते विचारायचंय.

काटाभाऊ, मी सेलूचा. माझ्यात एडीएचडी (लक्ष टिकत नाही) आणि डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अडतं) दोन्ही. एडीएचडीला कायद्यातल्या दिव्यांगांच्या २१ प्रकारांच्या यादीत जागाच नाही, डिस्लेक्सियावर निभावलं. आत गेलो की पाठ केलेलं सगळं उडायचं, म्हणून कागदच पुढं करायला लागलो. तुम्ही पण बोलू नका, कागद द्या. अर्धं पान, वरचं वाक्य असं: "मी आत्ता तुमच्याशी नीट बोलतोय, कारण हे आठ दिवस पाठ केलंय. इथून गेल्यावर दोन दिवस मला बोलता येणार नाही." तयारी लपवू नका, तीच दाखवा. भुवयांची युक्ती पण लिहा. बघणाऱ्याला ती कळायची नाही.

अजून एक. गुरुवारच्या आधी अर्ज करा: आई सोबत हवी, नंबर सुरुवातीला लावा, उत्तरं लेखी देऊ द्या. गरजेप्रमाणे सोय करून द्यायची हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे, उपकार नाहीत. पण तोंडी सांगून येऊ नका. आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. शिक्का नसला की आपल्याकडं अर्ज झालेलाच नसतो.

आणि उत्पन्नाचा दाखला जुना झाला असेल तर तहसीलमधून नवा काढून ठेवा. निराधारला दिव्यांगासाठी वर्षाला ५० हजारांची मर्यादा आहे. कार्ड हातात आल्यावर त्यासाठी परत रांगेत उभं राहणं तुम्हाला झेपायचं नाही.

काटा_नंबर_तीन

सगळ्यांचे आभार. रोखठोक भाऊ, रागावलो नाही. पण हात हलवायचे मी सहावीत थांबवलेत, सरांनी छडीनं थांबवले. आता मुद्दाम हलवायला गेलो तर तेच खोटं दिसेल.

अर्ज दिला. शिक्का मिळाला. बाईंनी "आईला कशाला आणता, मोठे आहात की" म्हणून विचारलं, मी कागदातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बोलावं लागलं नाही. कागदावर शर्टाचं पण लिहिलंय. गुरुवारी तोच घालणार आहे, दुसऱ्या शर्टाच्या कॉलरचं लेबल टोचतं.

आईची वही आज वाचली. तिचं चौथीपर्यंत शिक्षण, म्हणून सगळं एकाच ओळीत. "सोमवार कुकर शिट्टी सकाळी ९ कोठीत गेला साडेअकराला आला चहा नको म्हनला." मंगळवारी शेजारच्या बोअरची गाडी, तीन तास. बुधवारी रिकामं. मी विचारलं, बुधवारी काही झालं नाही का? म्हणाली, "बुधवारी तू आलाच नाहीस बाहेर, काय लिहू?"

मला सोमवारची पंधराएक मिनिटं आठवत होती. 'नको म्हनला' मधला 'न' तसाच ठेवलाय. उद्या झेरॉक्स काढतो, तीन प्रती.