शब्दचर्चा : जॅकमध्ये नेमकं वाढतं काय, दाब की बल?

शब्दवेडी : गाडी उचलायच्या तेलाच्या जॅकच्या माहितीपत्रकात वाचलं, 'तेलामुळे दाब शंभरपट वाढतो.' वाक्य खटकतंय. 'दबाव' हवं होतं का?

मास्तर : दबाव नकोच, तो माणसांवर येतो. हवेचा, रक्ताचा, तेलाचा तो दाब. वाक्य चुकलंय ते दुसरीकडेच. जॅकमध्ये दाब तेवढाच राहतो, वाढतं ते बल. दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर पडणारं बल. 2 चौ. सेंमी.च्या लहान दट्ट्यावर, म्हणजे पिस्टनवर, 100 न्यूटन बल लावा, तेलात दर चौ. सेंमी.ला 50 न्यूटन दाब येईल. 200 चौ. सेंमी.च्या मोठ्या दट्ट्याखालीही तो 50च. पण 50 गुणिले 200 म्हणजे 10,000 न्यूटन. साधारण टनभर वजन उचललं जातं.

शब्दवेडी : एवढं सगळं फुकटात?

फिटर : फुकट कसलं! लहान दट्ट्या 50 सेंमी. खाली गेला की मोठा जेमतेम अर्धा सेंमी. वर येतो. म्हणून तर दांडा इतक्या वेळा मारावा लागतो. कामावर आम्ही 'जोर'च म्हणतो. छापायचं तर 'बल' लिहा.

शब्दवेडी : आणि क्रियापद? दाब वाहतो, पसरतो, संक्रमित होतो?

मास्तर : 'संक्रमित' वाचलं की हल्ली आजारच आठवतो. वाहतं ते तेल, दाब नव्हे. 'पसरतो'ही मला पटत नाही. शाई पसरते तशी फिकी होत जाते. पास्कलच्या नियमाचा मुद्दा नेमका उलटा आहे. बंदिस्त द्रवाला बाहेरून दिलेला वाढीव दाब सगळीकडे, सगळ्या दिशांना, न घटता पोचतो. तेव्हा 'पोचतो'. 'वाढीव' मात्र गाळू नका, कारण खोलीमुळे येणारा दाब निराळा असतो. पाण्यात दर 10 मीटरला तो साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो.

शब्दवेडी : द्रव की द्रायू?

मास्तर : द्रायूत द्रव आणि वायू दोन्ही आले. नियम दोघांनाही लागू.

फिटर : नियमाला चालेल हो, ब्रेकला नाही चालत. नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं. पाय खाली जातो, पण त्यात नुसती हवाच आवळली जाते आणि चाकापाशी पुरेसा दाब चढत नाही. मग चाकापाशी असलेला निपल, म्हणजे हवा काढायची छोटी तोटी, ढिला करून हवा काढायची, म्हणजे ब्लीडिंग. द्रव असा आवळत नाही. पाण्याचं आकारमान 1 टक्का घटवायलासुद्धा दोनशेहून जास्त वातावरणांचा दाब लागतो.

मास्तर : म्हणून अशा हायड्रॉलिक यंत्राला 'द्रवचालित' म्हणावं. 'जलचालित' हे इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामाच्या 1795च्या दाबयंत्राला शोभलं असतं, तिथे पाणीच होतं. जॅकमध्ये तेल असतं.

शब्दवेडी : मग असं लिहिते : 'तेलातून दाब मोठ्या दट्ट्याखाली तेवढाच पोचतो, तिथलं क्षेत्रफळ शंभरपट, म्हणून बलही शंभरपट.'

फिटर : वाक्य पक्कं आहे. फक्त 'दट्ट्या' काढा, पिस्टन म्हणा. जॅक वापरणारे दट्ट्या शोधत बसतील.